बारोलो तोंड का आवळते?

प्रश्न : मुलाने तोरिनोहून २०१९ सालच्या बारोलोच्या दोन बाटल्या आणल्या. एक उघडली. रंग फिका, विटकरी. घोट घेताच तोंड कोरडं पडलं. वाइन खराब निघाली का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अजिबात नाही! बारोलो इटलीतल्या पिएमोन्तेची, निव्वळ नेब्बिओलो द्राक्षाची. तिचा रंग मुळातच फिका, टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) मात्र जबरदस्त. कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड आवळतं ते त्यामुळेच. नियमाने ती किमान ३८ महिने मुरवतात, त्यातले १८ लाकडी पिंपात, तरी बाजारात येते ती कोवळीच. त्यातून सेर्रालुंगा गावची असेल तर आणखी कडक. ला मोर्राची लवकर मवाळ होते.

दुसरी बाटली निदान चार-पाच वर्षं ठेवा : आडवी, अंधारात, १२ ते १५ अंशांत. पुण्याच्या एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या कपाटात तर मुळीच नको. प्यायच्या दिवशी दोन तास आधी काचेच्या जगमध्ये ओता. आधी नुसता वास घ्या. सुकलेला गुलाब, चेरी, थोडं डांबर. हो, डांबरच, आणि मला तोच वास सर्वांत प्रिय आहे. सोबत जुनं, मुरलेलं चीज किंवा लोण्यात परतलेले मशरूम. तांबडा रस्सा त्या दिवशी राहू द्या; तिखटाने टॅनिन जास्तच बोचतं.