सांबा घ्यावा की गझेल?

आदिदासच्या सांबा आणि गझेल या बुटांपैकी कोणता घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे; निवडताना तुम्ही रंगाचा विचार आधी आणि चामड्याचा नंतर केलेला दिसतो. तो क्रम उलटा करावा. गोठलेल्या, कठीण मैदानावरील फुटबॉलच्या सरावासाठी बनलेल्या सांबाचा वरचा भाग मुख्यतः गुळगुळीत चामड्याचा असून सुएड, म्हणजे लव असलेले चामडे, फक्त पुढच्या टोकाशी असते, तर १९६६ साली आलेला गझेल बहुतांशी सुएडचा असतो. चिखलाचा शिंतोडा सांबावरून ओल्या फडक्याने सहज निघतो; गझेलवर मात्र तसे चोळल्यास लव चिकटून काळपट चट्टा पडतो, म्हणून चिखल पूर्ण वाळू द्यावा आणि मगच मऊ ब्रशने झाडावा. कोकणातल्या पावसात हे रोज कोण करणार?

मापाच्या बाबतीत नवखे लोक हमखास चुकतात. ‘चामडे पुढे सैल होईल’ या भरवशावर घट्ट जोडी घेऊ नका, कारण रुंदी थोडीफार सैलावते, लांबी वाढत नाही. दिवसभरात पाय किंचित फुगतात, म्हणून संध्याकाळी, नेहमीचे मोजे चढवून, दोन्ही पायांत घालून दुकानात चार पावले चालून पाहा. पाऊल रुंद असेल तर सांबा विशेष तपासून घ्या. दोहोंचे तळ सपाट आणि पातळ असल्याने ते धावण्यासाठी वापरू नयेत.

रोजच्या वापरासाठी एकच जोडी घेणार असाल तर निःशंकपणे सांबा घ्या. मर्यादित आवृत्त्यांच्या भानगडीत सध्या पडू नका.