विटाळ म्हणजे पाप का?

प्रश्न: नमस्कार ताई. माहेरी आम्ही पाळीत चार दिवस बाहेर बसायचो, लग्न होऊन ख्रिस्ती घरात आले तेव्हा वाटलं, सुटले. आता चर्चमधल्या बायका मिळून बायबलमधलं लेवीयचं पुस्तक वाचतोय तर त्यात पाळीचे 7 दिवस अशुद्ध, मुलगा झाला तर 40 दिवस आणि मुलगी झाली तर 80! मला दोन्ही मुलीच आहेत. सासूबाई म्हणतात पाळीत प्रभुभोजन (चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस) घेऊ नको. देवाला आम्ही घाण वाटतो का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, तुमचं पत्र दोन दिवस डोक्यातनं जाईना. आधी तो घाण शब्द बाजूला ठेवा, कारण लेवीयचे 11 ते 15 अध्याय सलग वाचले की कळतं, तिथं अशुद्ध होणं म्हणजे पाप करणं नव्हे. पुरुषाचं वीर्य गेलं तर तो संध्याकाळपर्यंत अशुद्ध, नवराबायको एकत्र आले तर दोघंही, आणि बायबलमधल्याच गणना या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात तर प्रेताला शिवणारा 7 दिवस अशुद्ध. आता बापाला माती देणं पाप आहे का? माझे वडील गेले तेव्हा वाईजवळच्या आमच्या गावात मयतीवरनं परत आलो तर दारात पाण्याची बादली आणि कडुनिंबाचा डहाळा ठेवलेला, पाय धुवायचे, पाला चावायचा, मग उंबरा ओलांडायचा. त्या बादलीपाशी मला कुणी पापी म्हणलं नाही, सगळे जवळच आले.

रक्त, वीर्य, प्रेत, म्हणजे जीव आणि मरण जिथं भिडतात तिथं हे नियम येतात असं बरेच अभ्यासक मानतात, मलाही तेच पटतं. निव्वळ स्वच्छतेसाठी होतं हे काही पटत नाही, कारण लेवीयच्या 13व्या अध्यायात त्वचारोगानं अंगभर पांढऱ्या पडलेल्या माणसाला याजक, म्हणजे पुरोहित, शुद्ध ठरवतो.

एक गोष्ट तुमच्या ग्रुपमध्ये जरूर वाचा, 11व्या अध्यायातली. मेलेली पाल किंवा उंदीर मातीच्या भांड्यात पडला तर भांडं फोडायचं, लाकडाचं असेल तर पाण्यात ठेवायचं, संध्याकाळी ते शुद्ध. पण झरा आणि पाण्याचा साठा मात्र शुद्धच राहतो, त्यात मढं पडलं तरी! हे वाचलं की मला महाडचं तळं आठवतं, 1927 साली माणसांनी पाणी प्यायलं म्हणून ते बाटलं ठरवून शुद्ध करत बसले होते लोक. आपल्याकडचा तो विटाळ जन्मानं चिकटायचा आणि मेल्यावरही सुटायचा नाही. लेवीयमधला पाण्यानं आणि दिवस मावळल्यावर सुटतो, फार तर ठरलेल्या दिवसांनी, आजार असेल तर तो बरा झाल्यावर, आणि तो याजकालाही लागतो.

पाळीचं बघा, 15व्या अध्यायात तिच्या अंथरुणाला शिवलेला संध्याकाळपर्यंत अशुद्ध असं आहे, तिला घराबाहेर बसवा, चुलीपाशी येऊ देऊ नका असं तिथं एक अक्षर नाही. ते आपण आपल्या घरातनं आणून जोडतो.

आणि मार्क 5, म्हणजे येशूची गोष्ट सांगणाऱ्या मार्कच्या पुस्तकाच्या 5व्या अध्यायातली ती बाई. 12 वर्षं रक्त जातंय, वैद्यांपायी होतं नव्हतं ते संपलं, नियमानं बघितलं तर 12 वर्षं सलग अशुद्ध. ती गर्दीत मागनं येऊन येशूच्या कपड्याला शिवते आणि सापडल्यावर थरथर कापते, तर तो तिला ‘मुली’ अशी हाक मारतो. रागावत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, तुम्ही प्रभुभोजन घ्या, पाळी असो नसो. सासूबाईंशी वाद नको, त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असणार, एखाद्या दुपारी दोघी मिळून मार्क 5 मोठ्यानं वाचा.

80 दिवसांचं मलाही खुपतं, खोटं कशाला बोलू. मुलीला दुप्पट का, याचं कारण त्या अध्यायात दिलेलंच नाही, आणि लोक जी कारणं सांगतात ती मला ओढूनताणून वाटतात. पण दिवस भरल्यावर आईनं जे अर्पण आणायचं ते मुलगा असो की मुलगी, सारखंच, एक कोकरू आणि एक पक्षी, आणि कोकरू परवडत नसेल तर पारव्यांची दोन पिल्लं चालतात. लूकच्या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात येशूची आई मरीया, तिच्या घरचं अर्पणही तेच, जोडी पक्ष्यांचीच.