‘रीफर मॅडनेस’ हे संगीतक गांजा ओढण्याचं समर्थन करतं का?

नाही. त्याचा रोख भीती पसरवणाऱ्यांवर आहे. याच नावाचा १९३६चा अमेरिकन प्रचारपट सांगतो की झुरका मारला की पोरं बिघडतात, खुनापर्यंत जातात. त्यावर बेतलेलं हे संगीतक १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये आलं. एक व्याख्याता पालकांना घाबरवत गोष्ट सांगतो, मधूनच एक मुलगी इशाऱ्याची पाटी घेऊन रंगमंचावर फिरते. हसून मुरकुंडी वळते. पण शेवट नीट बघा. गांजाचा नायनाट झाला की पुढचा नंबर कोणाचा, याची यादी सगळे उत्साहाने गातात. डार्विन, फ्रॉइड, कम्युनिस्ट, सगळे त्यात. मला तरी तिथे अंगावर काटा आला. २००५चा चित्रपटही आहे, तो जरूर पाहा.