वाचकांचे प्रश्न : पुरानंतरची शाळा

प्रश्न : शिरोळ तालुक्यात मी प्राथमिक शिक्षिका आहे. आमची शाळा गावात उंचावर, त्यामुळे २०१९ आणि २०२१ दोन्ही महापुरांत तिथेच निवारा केंद्र उघडलं. पाणी ओसरलं तरी वर्ग भरायला फार दिवस गेले. पुढच्या वेळी काय करता येईल?

उत्तर : हे पाऊस सुरू होण्याआधीच ठरवावं लागतं. मे महिन्यात शाळा व्यवस्थापन समिती, सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांची बैठक घ्या आणि तीन गोष्टी लेखी करून घ्या. निवाऱ्याला कोणत्या खोल्या द्यायच्या, कोणती एक खोली कुलूपबंद ठेवायची आणि पाणी ओसरल्यावर किती दिवसांत शाळा रिकामी करायची. ही तारीख कागदावर नसली की ज्यांची घरं पडली ती कुटुंबं वर्गातच राहतात. त्यात त्यांचा दोष नसतो. त्यांना दुसरी जागा कोणी दाखवलेलीच नसते.

शिक्षकांबद्दलही आधीच बोलून ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण या कामांसाठी शिक्षकांना घेता येतं. म्हणजे मदतकार्याची ड्यूटी लागणारच. पण सगळेच शिक्षक एकदम पंचनाम्याला गेले तर मुलांपाशी कोणी उरत नाही. निदान एकाला मोकळं ठेवा, अशी विनंती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

इमारतीची वाट पाहू नका. देवळाचा सभामंडप, मंगल कार्यालय, कोरडं अंगण, काहीही चालेल. रोज ठरलेल्या वेळी दोन तास भरवा. मुलं जास्त असतील तर दोन पाळ्या करा. पहिला आठवडा गाणी, गोष्टी, खेळ, पाढे, चित्रं. मुलाला सगळ्यात मोठा आधार वाटतो तो रोज त्याच वेळी तेच माणूस भेटण्याचा. ‘माझा पुराचा अनुभव’ असा निबंध मात्र सगळ्या वर्गाला घालू नका. ज्याला सांगायचं आहे ते मूल आपणहून सांगेल, तेव्हा शांतपणे ऐका. काही आठवड्यांनंतरही एखादं मूल बोलत नसेल, झोपत नसेल, आईला सोडत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

मूळ इमारतीत परतण्याआधी पाणी आणि संडास पाहा. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी जगभर वापरली जाणारी मानकं शाळेत दर मुलामागे रोज ३ लिटर पाणी, ३० मुलींमागे एक आणि ६० मुलग्यांमागे एक शौचालय सांगतात. मुलींसाठी दाराला आतून कडी हवीच. ती नसली की मोठ्या मुली काही न बोलता शाळेत यायच्या थांबतात.

टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ती उपसून, घासून पुन्हा भरा आणि मगच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. चांगली पावडर असेल तर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे १० हजार लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम पुरते. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात थेंब टाकून रंगावरून क्लोरीन पाहायची चाचणी, घ्या. ०.५ पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) क्लोरीन दिसला पाहिजे. नसेल दिसला तर बहुतेकदा कारण हे : पाण्यात गाळ आहे किंवा पोतं उघडं राहून पावडर उतरली आहे. चिखल काढायला मुलांना लावू नका. लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखल-पाण्यात पसरणाऱ्या तापाचा, धोका असतो. मोठ्यांनीही गमबूट आणि हातमोजे घालावेत.

प्रश्न : आमचं पुण्यातलं मंडळ पूरग्रस्त मुलांसाठी शालेय साहित्य पाठवू इच्छितं. काय पाठवावं?

उत्तर : आधी गटशिक्षण कार्यालयातून किंवा मुख्याध्यापकांकडून इयत्तावार पट आणि यादी घ्या. त्याशिवाय टेम्पो भरू नका. एकाच शाळेत तीन संस्था पोचतात आणि वाडीवरच्या शाळेत एकही नाही, हे नेहमी घडतं.

युनिसेफची ‘पेटीतली शाळा’ पाहण्यासारखी आहे. एक शिक्षक आणि ४० मुलं यांना पुरेल एवढं साहित्य एका पेटीत असतं : वह्या, पेन्सिली, खोडरबर, कात्र्या, शिकवायचं घड्याळ, मोजायचे ठोकळे. पेटीच्या झाकणाचाच फळा होतो. त्यात पाठ्यपुस्तकं मुद्दाम नसतात, कारण भाषा आणि अभ्यासक्रम प्रत्येक ठिकाणी वेगळा. तुम्हीही तेच करा. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांना पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात. भिजलेल्या पुस्तकांच्या बदल्यात नव्यांची मागणी शाळेनेच नोंदवावी.

लहानांना चार रेघी आणि चौकडी वह्या, मोठ्यांना एक रेघी. शिवाय खडू, फळ्याचा रंग, सतरंज्या, पाण्याचे झाकणवाले पिंप, सॅनिटरी पॅड. अर्ध्या भरलेल्या वह्या आणि फाटकी दप्तरं पाठवू नका. देताना मुलांना रांगेत उभं करून फोटो काढू नका. ते त्यांना बोचतं, आणि ती आपल्याच मुलांसारखी मुलं आहेत.

प्रश्न : घर वाहून गेलं, आम्ही मिरजेला नातेवाइकांकडे आलो. दाखला नाही म्हणून शाळा सातवीतल्या मुलीला घेत नाही.

उत्तर : असं नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलीला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा असतो, पण तो येईपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. जन्मदाखला नसला तरी कलम १४ मुळे प्रवेश थांबत नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तरीही नकार आला तर त्या पोचेची प्रत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. मुलीची नोंद यू-डायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत असते. तिच्या विद्यार्थी क्रमांकावरून शाळेला ती सापडते. दहावी-बारावीची गुणपत्रिका गेली असेल तर दुय्यम प्रत विभागीय मंडळाकडून मिळते.

ज्यांचं जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही) भिजलं त्या मुख्याध्यापकांसाठी : ते उन्हात टाकू नका, पानं आक्रसतात आणि चिकटतात. सावलीत पंख्याखाली उभं ठेवा, दर काही पानांनंतर कोरा, छपाई नसलेला कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि नंतर सवडीने वाळवा.