जेठमलानी व्हायचंय म्हणालीस, म्हणून हे पत्र

बाय,

परवा पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर तू म्हणालीस, सर मला राम जेठमलानींसारखी क्रिमिनल प्रॅक्टिस करायचीय, म्हणजे फौजदारी वकिली, आणि मी हसलो. तुला राग आला असणार. पण हेच वाक्य मी तुझ्या वयात माझ्या सीनिअरना ऐकवलेलं, ते हसले पण नाहीत, नुसता फायलींचा गठ्ठा हातात दिला आणि झेरॉक्स काढायला पिटाळलं.

जेठमलानी म्हटलं की लोकांना नानावटी केस आठवते, म्हणजे नौदलातल्या नानावटीने बायकोचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घातल्या ती, आणि निम्म्या लोकांना वाटतं की त्यांनी नानावटीला सोडवलं. अगं, ते तर समोरच्या बाजूला होते! नानावटीचे वकील कार्ल खंडालावाला. जेठमलानी मेलेल्या आहुजाच्या बहिणीतर्फे वॉचिंग ब्रीफ घेऊन, म्हणजे खटल्यावर नुसती नजर ठेवायला, सरकारी वकिलाच्या मागे बसलेले. ज्युरीने ८-१ ने सोडलं, पुढे हायकोर्टाने ते फिरवलं आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली. म्हणजे ज्या केसमुळे नाव झालं तिच्यात त्यांची खुर्ची दुसऱ्या रांगेतली होती. अठराव्या वर्षी खास परवानगीने सनद मिळालेला माणूस, फाळणीनंतर निर्वासित होऊन मुंबईत आला, तिथे परत शून्यापासून सुरुवात, तेव्हा दुसऱ्या रांगेची लाज बाळगू नको.

मला विचारशील तर त्यांची वाचायची केस वेगळीच आहे, इंदिरा गांधींच्या खुनाची. त्यातले आरोपी बलबीर सिंग आणि केहर सिंग यांच्या बाजूने उभं राहायचं म्हणजे तेव्हा काय असेल, विचार कर. बलबीरला खालच्या कोर्टात फाशीची शिक्षा झालेली, हायकोर्टात पण कायम. पोलीस म्हणत होते की त्याला ३ डिसेंबर १९८४ ला नजफगढच्या बस स्टँडवर पकडला आणि त्याच्याकडे एक कागद मिळाला. तो म्हणत होता, मी तर महिनाभर आधीपासून ह्यांच्याच ताब्यात आहे. सुप्रीम कोर्टाला ती अटकेची गोष्ट पटली नाही आणि १९८८ मध्ये तो सुटला. केहर सिंग नाही सुटला, १९८९ च्या जानेवारीत फाशी गेला. एकच खटला, एकच वकील.

आता हे आपल्या गोव्यात, म्हापशाला आणून बघ. आपल्याकडे एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालच्या केसेस भरपूर. पंचनामा उघडलास की आधी वेळा बघ: खबर कधी आली, स्टेशन डायरीत कधी चढली, गाडी किती वाजता निघाली, पंच कुठून आणले, सील कोणाचं, मुद्देमाल लॅबला जाईपर्यंत कुठे पडून होता. चरस एक किलोच्या वर गेला की कमर्शियल, म्हणजे व्यापारी प्रमाण, मग कलम ३७ आडवं येतं आणि बेल जवळजवळ विसरायची. सगळे ज्युनिअर झडतीचं कलम ५० पाठ करून येतात, पण ते अंगझडतीला लागतं, हातातल्या बॅगेला नाही, हे कोर्टात उभं राहिल्यावर कळलं की तोंड बघण्यासारखं होतं.

क्रॉसबद्दल, म्हणजे उलटतपासणीबद्दल, माझीच एक फजिती सांगतो. चोरीची साधी केस, साक्षीदार म्हातारा, रात्री लाईट गेलेली, पाऊस, अंतर बरंच, सगळं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तिथेच खाली बसायचं होतं. पण मला चेव चढला, विचारलं, मग ओळखलात कसा? म्हणाला, आवाजावरून, दर शिमग्याला आमच्या मेळात ह्याचाच आवाज सगळ्यांच्या वर असतो. जज हसले, सरकारी वकील हसले, माझा क्लायंट आत गेला. त्याची आई बाहेर बाकावर बसलेली, तिला काय सांगितलं ते आता आठवत नाही, आठवायचं पण नाही.

आणि कोंकणी जपून ऐक. साक्षीदार म्हणतो, 'म्हाका दिसलें, तोच', म्हणजे त्याला तसं वाटलं, आणि इंग्रजी रेकॉर्डवर उतरतं की मी त्याला पाहिलं. त्याच क्षणी उठून सांगायचं, नंतर अपिलात रडून उपयोग नाही. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, तुझी भाषा हेच तुझं भांडवल.

लोक बोलणार. जेठमलानींना तर स्मगलरांचा वकील म्हणायचे. माझी आत्या अजून देवळात सगळ्यांदेखत विचारते, असल्यांना सोडवतोस कसा रे? मी प्रसाद घेतो आणि गप्प राहतो, तिला तिथे उभ्या उभ्या काय समजावणार.

पोर्वरीचं हायकोर्ट नंतर बघू. आधी माझ्याकडे ये, साडेनऊला, पांढरी सलवार आणि जाड वही घेऊन. एक फाईल काढून ठेवलीय, तिच्यात अटकेच्या दोन वेगवेगळ्या वेळा आहेत, कुठे ते सांगणार नाही. फक्त शुक्रवारी नको, बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.