डीएनए वाचणारी उपकरणे : जैवतंत्रज्ञान की इलेक्ट्रॉनिक्स?

स. न. वि. वि.

आपल्या मुलीला डीएनएतील क्रम ओळखणाऱ्या उपकरणांवर काम करायचे आहे. ही यंत्रे झपाट्याने स्वस्त होत असताना तिचे शिक्षण होईपर्यंत तेथे काम उरेल का आणि पदवीला जैवतंत्रज्ञान घ्यावे की इलेक्ट्रॉनिक्स, असे आपण विचारले आहे.

पहिल्या शंकेला आजवरचा अनुभव दुजोरा देत नाही. १९९० ते २००३ या काळात चाललेल्या मानवी जीनोम (म्हणजे माणसाच्या डीएनएचा संपूर्ण क्रम) प्रकल्पासाठी सुमारे तीन अब्ज डॉलरचा अंदाज होता; आज एका व्यक्तीचा जीनोम हजार डॉलरच्या आत वाचता येतो, आणि खर्च उतरल्यामुळेच कर्करोगापासून साथरोगांपर्यंत या तंत्राची मागणी वाढली.

दुसऱ्या प्रश्नासाठी नॅनोपोअर उपकरणाचे उदाहरण घेऊ. त्यात प्रथिनाच्या अतिसूक्ष्म छिद्रातून डीएनएचा धागा सरकतो आणि आत असलेल्या अक्षरांनुसार (म्हणजे डीएनएचा क्रम ज्या चार रासायनिक घटकांनी बनतो त्यांनुसार) छिद्रातला विद्युतप्रवाह बदलतो. हा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या एक लाख कोटीव्या भागात मोजावा लागतो. शिवाय एका वेळी अनेक अक्षरे छिद्रात असल्याने संदेशातला गोंगाट वगळून क्रम ठरवण्याचे काम संगणकाला करावे लागते. २०१६ मध्ये अंतराळ स्थानकावर वापरलेले असे उपकरण तळहातावर मावणारे होते. ते घडवायला प्रथिनांचा रसायनतज्ज्ञ, इलेक्ट्रॉनिक्स अभियंता आणि प्रोग्रामर असे तिघेही लागतात. त्यामुळे मुलीला यंत्र कसे चालते याचे कुतूहल असेल, तर इलेक्ट्रॉनिक्स घेऊन रेण्वीय जीवशास्त्राची जोड द्यावी. यंत्र काय सांगते यात तिला अधिक रस असेल, तर जैवतंत्रज्ञान घेऊन संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग पक्के करावे.

एका उपेक्षित बाजूकडेही तिचे लक्ष वेधावे, असे मला वाटते. रक्त किंवा थुंकीतून स्वच्छ डीएनए वेगळे काढणे हे काम दिसायला किरकोळ असले, तरी प्रयोगशाळेबाहेर नेलेली चाचणी बहुधा येथेच अडते. डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या आणि ६० ते ६५ अंशांच्या स्थिर तापमानावर चालणाऱ्या लॅम्प पद्धतीने, त्याच कामासाठी तापमान वारंवार बदलणाऱ्या महागड्या पीसीआर यंत्राची गरज कमी केली. नमुना तयार करण्याच्या टप्प्यावर मात्र अजून बरेच काम बाकी आहे.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी अभ्यासक्रमाच्या नावावर विसंबू नये. पीसीआर यंत्र पदवीचे विद्यार्थी स्वतः हाताळतात की नुसते प्रात्यक्षिक पाहतात, हे तेथील विद्यार्थ्यांनाच विचारावे.