विश्वास कमी पडतोय का, असं विचारलंस म्हणून

प्रिय बाळ,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. एवढं मोठं उत्तर मोबाईलवर टाइप करत बसणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून कागदावर लिहून तुझ्या भावाकडे देतेय. तो फोटो काढून तुला पाठवेल.

नोकरी गेल्याचं आणि पप्पांच्या किडनीचं मला आधीच कळलं होतं. आपल्या चर्चच्या मंडळीत बातमी उपासनेची घंटा व्हायच्या आत घरोघर पोचलेली असते. मला टोचलं ते तुझं शेवटचं वाक्य. "बाई, प्रार्थना करते तरी छातीत धडधडतं, दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?" हे तुझं तुला सुचलेलं नाही, कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. कोण ते मी विचारत नाही. अशी माणसं मनानं वाईट नसतात, पण आजारी माणसाच्या उशाशी बसून त्यांना गप्प राहता येत नाही.

आता तूच विचार कर. "मी आपली शांती तुम्हांला देतो" हे वचन प्रभू येशूने केव्हा उच्चारलं? योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय काढ. वल्हांडण सणाच्या सुमाराची रात्र, शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण, त्याला धरून देणारा यहूदा नुकताच उठून बाहेर गेलेला. त्याच रात्री, थोड्याच वेळाने, तो किद्रोन ओहोळापलीकडच्या बागेत जातो आणि सोबतच्या तिघांना सांगतो, की माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे, तुम्ही इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. एकच प्रार्थना तो तीनदा करतो. मित्र तर चक्क झोपलेले. ज्याने शांती दिली त्याचाच जीव त्या रात्री असा घाबरा झाला होता. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग तुला तरी का म्हणावं?

मला वाटतं आपण शांती म्हणजे धडधड थांबणं असं धरून बसलोय. थांबली तर उत्तमच. पण त्या बागेतून तो उठला तो पळून जायला उठला नाही, पकडायला येणाऱ्यांच्या समोर गेला. भीती होती आणि पित्याचा हातही सुटलेला नव्हता, दोन्ही एकाच वेळी. मी शांती म्हणते ती याला.

तू पुण्याहून दौंडमार्गे गाडीने येतेस तेव्हा वाटेत केडगाव लागतं. आपलं नगरचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं. तिथे निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचं चरित्र शाळेत पाठ केलं असशील, पण त्यातली एक गोष्ट मुलांना कुणी सांगत नाही. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा, आणि पदरात लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण समजतो, झालं, शांती मिळाली. बाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की तसं झालं नाही. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं. आठ वर्षं! एवढी विदुषी, मूळ भाषा शिकून पुढे अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणणारी बाई, आणि आतून अस्वस्थ.

हिशेब करून बघ. मुंबईत त्यांचं विधवा मुलींसाठीचं शारदा सदन सुरू झालं 1889 मध्ये. म्हणजे ती शांती लाभायच्या आधी. मन शांत होईल तेव्हा कामाला लागू, असं म्हणत त्या बसल्या नाहीत. मुलींना भात लागत होता, पाटी लागत होती, त्या करत राहिल्या. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणल्या, त्यामागे ती लाभलेली शांती होती, हे मी मानते. पण आधीच्या वर्षांतलं कामही देवाने फुकट घालवलं नाही. म्हणून तुझ्या आतली खळबळ थांबेपर्यंत अर्ज करायचे थांबवू नकोस. मुलाखतीला धडधडत्या छातीने गेलं तरी चालतं.

आता प्रार्थनेचं. तुला शब्द सुचत नाहीत म्हणतेस, तर सुचवू नकोस. पवित्र शास्त्रातली स्तोत्रसंहिता उघड आणि मोठ्याने वाच, पुटपुटत नव्हे. होस्टेलवर लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. तेरावं स्तोत्र आधी घे, त्यात तो माणूस देवाला पुन्हापुन्हा "कोठवर?" असं विचारतो, अगदी भांडल्यासारखं. मग बेचाळिसावं आणि त्याला जोडून त्रेचाळिसावं. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" हा प्रश्न तिथे तीनदा येतो. एकदा विचारून त्याचं भागलं असतं तर दुसऱ्यांदा कशाला विचारला असता? आणि अठ्ठ्याऐंशीवंही वाच. ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, उजाडतच नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. माझी आई वारली त्या महिन्यात मला तेवढंच एक स्तोत्र वाचता येत होतं. बाकीच्या स्तोत्रांचा राग यायचा.

तेही नको वाटलं तर गा. 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकात रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आहेत. ती आपल्या नगरच्या माणसाने आपल्याच अभंगाच्या चालीवळणात रचली, म्हणून जिभेवर बसतात. सकाळी भांडी घासताना म्हणून बघ.

आणि मोबाईल रात्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव. सकाळी गुलाबाच्या फुलावर छापून येणाऱ्या वचनांनीही पोट भरत नाही, ती पुढे पाठवली म्हणजे प्रार्थना झाली असं समजू नकोस.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तू शब्बाथशाळेत माझ्याकडेच शिकलीस. झुडपाखाली पडून त्याने मरण मागितलं. देवाने त्याला उपदेश केला का? आधी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी पाठवलं. त्याने खाल्लं, पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खाऊ घातलं. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर आला. तेव्हा तू चहा-बिस्किटावर दिवस काढणं बंद कर. आणि झोपेचं असंच चालू राहिलं किंवा जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ आणि मलाही सांग, कितीही वाजलेले असोत. मानसोपचारांचं औषध घेतलं म्हणून देवावरचा भरवसा उणा होत नाही. बीपीची गोळी घेऊन व्यासपीठावर चढणारे पाळक मी पाहिलेत.

एका बाबतीत मात्र मी तुला रागावणार आहे. पप्पांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचं, चार-चार तास बाहेर बसायचं, आणि हे सगळं आई एकटी करते, कारण "लोकांना कशाला त्रास"! बागेत प्रभूनेही सोबत मागितली, मिळाली नाही ती गोष्ट वेगळी. मंडळीत भांडणं आहेत, मान्य. फिलिप्पैच्या मंडळीतही युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं पटत नव्हतं, आणि बंदिवासातून प्रेषित पौलाने त्यांना लिहिलेल्या पत्रात चिंता करू नका, देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील असं लिहिलं ते त्याच अध्यायात, त्या दोघींची समजूत काढल्यावर लगेच. ही शांती त्याने भांडकुदळ माणसांच्या घोळक्यालाच कळवली होती.

तर मी तुला न विचारता पाळकसाहेबांशी बोलले. मंगळवारी तरुण संघातला एक मुलगा रिक्षा घेऊन येईल, शुक्रवारी महिला मंडळातलं कुणीतरी आईबरोबर बसेल, डबाही तेच नेतील. आई नाही म्हणेल. तू तिला फोन करून हो म्हणायला लाव, आणि हे गुरुवारच्या आत कर, म्हणजे मला पाळी लावता येईल.

तुझी,
बाई